परदेशातून: चार वर्षांची प्रवेशपरीक्षा

मे-जूनमध्ये बारावी, नीट, जेईई, सीईटी असे निकाल ओळीने लागतात आणि दरवर्षी तोच युक्तिवाद पुन्हा वाचायला मिळतो. तीन तासांच्या पेपरवर मुलाचं आयुष्य ठरवणं अमानुष आहे. अमेरिकेसारखं सर्वांगीण मूल्यमापन आणा. तिथली मुलं कशी हसतखेळत शिकतात, ना क्लास ना घोकंपट्टी. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याला जोडून एक वाक्य येतंच, ‘तुम्ही सुटलात, तुमच्या मुलांना कसलं टेन्शन!’ यातलं पहिलं म्हणणं बरंचसं पटण्यासारखं आहे. बाकीचं पटत नाही. हे मांडणारी माणसं शिकलेली असतात, काही तर इथे अमेरिकेत येऊन शाळा बघून गेलेली असतात. त्यांनी पाहिलेली शाळा बहुधा प्राथमिक असते. पाचवीपर्यंतची अमेरिकन शाळा खरोखरच आनंदाची जागा आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद पुढच्या सात वर्षांचा आहे.

अमेरिकेतल्या सगळ्याच हायस्कूलांत असा ताण असतो असंही नाही. पुष्कळ ठिकाणचे प्रश्न अगदी वेगळे आहेत, शिक्षक टिकत नाहीत, मुलं मध्येच शाळा सोडतात. मी बोलतो आहे ते कूपर्टिनो, फ्रीमाँट, पालो अल्टो, एडिसन, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो, फेअरफॅक्स, फ्रिस्को अशा ठिकाणांबद्दल, म्हणजे आपली माणसं जिथे घरं घेतात तिथल्या शाळांबद्दल. माँटा व्हिस्टा किंवा लिनब्रुक हायस्कूलच्या हद्दीतलं घर आणि हद्दीबाहेरचं तसंच घर यांच्या किमतीत फरक पडतो तो शाळेमुळे. शाळा सरकारी आणि फुकट, पण तिची फी घराच्या हप्त्यातून आणि प्रॉपर्टी टॅक्समधून जातच असते. नामांकित खाजगी शाळा निवडली तर वर्षाला पन्नास-साठ हजार डॉलर सरळ मोजायचे.

स्पर्धा नववीत सुरू होते असं वरवर दिसतं. खरं तर ती गणिताच्या प्लेसमेंट टेस्टपासून, म्हणजे पाचवी-सहावीतच सुरू झालेली असते. हिशेब उलटा मांडून बघा. चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजला अर्ज करायचा तर बारावीच्या सुरुवातीला, अर्ज जाण्याआधी, एपी कॅल्क्युलस बीसी झालेलं असावं असं या शाळांतले पालक धरून चालतात. एपी म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय. तेव्हा हे कॅल्क्युलस अकरावीत घ्यायचं. त्याआधी दहावीत प्रीकॅल्क्युलस, नववीत अल्जेब्रा टू, आठवीत जॉमेट्री आणि सातवीत अल्जेब्रा वन. सातवीत अल्जेब्रा वन मिळवायचं तर सहावीपर्यंतच पुढच्या वर्गांचं गणित गुंडाळावं लागतं, आणि कुणाला गुंडाळू द्यायचं हे त्या टेस्टवर ठरतं. अकरा वर्षांचं मूल ती टेस्ट देतं. त्या टेस्टसाठी रशियन मॅथ, कुमोन, एओपीएस हे सगळे क्लास आहेत, शनिवारी सकाळी त्यांच्या पार्किंगमध्ये जागा मिळत नाही. तेव्हा ‘तिकडे क्लास नसतात’ हे वाक्य तरी कृपा करून कुणी पुन्हा लिहू नये.

टेस्ट हुकली तर उन्हाळ्यात सहा आठवड्यांत अख्खी जॉमेट्री उरकून पुढच्या वर्गाला मिळायचं, हाही राजमार्ग झाला आहे. नेमकं बिघडतं ते इथेच. सहा आठवड्यांत सिद्धता लिहायची सवय लागत नाही, घाईत केलेल्या अल्जेब्रात अवयव पाडणं आणि अपूर्णांकांचे व्यवहार कच्चे राहतात. हे लगेच कळत नाही. कळतं ते दहावीत, प्रीकॅल्क्युलस आणि फिजिक्स एकत्र येतात तेव्हा. मूल हुशार असतं, कल्पना समजलेली असते, पण दर पेपरात बीजगणिताच्या चुकांनी दहा-बारा गुण जातात आणि सेमिस्टरअखेर बी लागतो. महाराष्ट्रात दहावी-अकरावीच्या घटक चाचणीतले गुण कुणाला आठवतही नाहीत. इथे तो बी ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कॉलेजांना जाणाऱ्या शाळेच्या गुणपत्रकावर, कायमचा राहतो.

सर्वांगीण मूल्यमापनाच्या समर्थकांनी नीट समजून घ्यावी अशी गोष्ट ही आहे. नववीच्या पहिल्या सेमिस्टरपासून प्रत्येक विषयाची प्रत्येक ग्रेड मोजली जाते. सेमिस्टरची ग्रेड गृहपाठ, क्विझ, लॅब रिपोर्ट, प्रोजेक्ट, वर्गातला सहभाग अशा पाच-सहा खान्यांतून तयार होते आणि पोर्टलवर रोज दिसते. ८९.५ झाले की ९० धरून ए, ८९.४ राहिले की बी, असं अनेक शिक्षकांचं गणित असतं. मुलांच्या फोनवर त्या पोर्टलचं ॲप असतं आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांनी क्विझचे गुण भरले की सूचना वाजते. पालकांच्या फोनवरही तेव्हाच वाजते. संध्याकाळी मूल घरी येतं तोवर घराला सगळं ठाऊक असतं. आपल्याकडे निकाल वर्षातून दोनदा-तीनदा लागायचा, इथे तो रोज लागतो.

त्यात जीपीएचं, म्हणजे ग्रेडच्या सरासरीचं, वजन. साध्या विषयात ए मिळाला तर ४, एपी किंवा ऑनर्स विषयात ए मिळाला तर ५, अशी पद्धत खूप शाळांत आहे. समजा एखादी मुलगी सहा विषय घेते, सहाही एपी, सगळ्यांत ए. सरासरी ५. तिनेच एक एपी सोडून ऑर्केस्ट्रा घेतला आणि त्यातही ए मिळवला, तर २५ अधिक ४, भागिले ६, म्हणजे ४.८३. व्हायोलिन उत्तम वाजवल्याबद्दल तिची सरासरी खाली आली. म्हणून मुलं ज्या विषयाची हौस आहे तो नववी-दहावीत सोडतात, आणि आरोग्य किंवा पीई (शारीरिक शिक्षण) उन्हाळ्यात ऑनलाइन उरकून तासिका एपीसाठी मोकळी करतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने यावर थोडा लगाम घातला आहे. तिच्या हिशेबात दहावी-अकरावीच्याच ग्रेड धरतात आणि जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टर-विषयांना मिळतो. पण अर्ज वाचणारा तुमच्या शाळेत किती कठीण विषय उपलब्ध होते आणि तुम्ही त्यातले किती घेतले हेही बघतो. ज्या शाळेत पंचवीस एपी शिकवतात तिथे चारावर थांबणाऱ्या मुलाला ते महागात पडेल या भीतीने सगळे दहा-बारांकडे धावतात. टेक्ससमध्ये आणखी वेगळा पेच. तिथे १९९७ च्या कायद्याने शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश मिळू लागला, पण ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससला ती मर्यादा घटत घटत २०२६ च्या प्रवेशासाठी पाच टक्क्यांवर आली आहे. वर्गातला शेजारीच प्रतिस्पर्धी होतो. वही उसनी देण्यापूर्वी मुलं विचार करतात.

एपीचे विषय चाळीसच्या आसपास आहेत. परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत, एकेका विषयाची सुमारे तीन तास, फी शंभर डॉलरच्या आसपास, गुण १ ते ५. कॅल्क्युलस बीसीचा पेपर सव्वातीन तासांचा, ४५ बहुपर्यायी आणि ६ लेखी प्रश्न. एका मुलाच्या पाच परीक्षा दोन आठवड्यांत येतात, कधी एकाच दिवशी दोन. यातून कॉलेजचं क्रेडिट मिळून पैसे वाचतात हे मुख्यतः सरकारी विद्यापीठांबाबत खरं आहे. कॅल्टेकसारखी काही खाजगी विद्यापीठं एपीला क्रेडिटच देत नाहीत. तरी तिथे अर्ज करणारी मुलंच सर्वाधिक एपी घेतात.

अकरावीतल्या अशा मुलाचा एप्रिलमधला साधा मंगळवार बघा. कॅलिफोर्नियात कायद्याने जुलै २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरत नाही, तेवढा दिलासा. साडेतीनला शाळा सुटते. सहापर्यंत ट्रॅक, नाहीतर रोबॉटिक्स, नाहीतर मॉक ट्रायल. जेवून सातला बसलं की एपी यूएस हिस्टरीचं वीस पानांचं वाचन आणि टिपणं, केमिस्ट्रीचा लॅब रिपोर्ट, इंग्रजीचा निबंध, गणिताची पंचवीस उदाहरणं. स्टॅनफर्डशी संबंधित संशोधकांनी २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या दहा सधन आणि उत्तम निकालाच्या हायस्कूलांतल्या ४,३१७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. गृहपाठाची सरासरी निघाली रोज ३.१ तास. अकरावीच्या एपीवाल्यांचे तास याहून जास्तच असतात. त्यावर एसएटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेची तयारी, अध्यक्षपद असलेल्या क्लबचे ईमेल, शनिवारच्या स्वयंसेवेचे तास. झोपायला साडेबारा सहज होतात. लातूरच्या अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसणाऱ्या मुलापेक्षा हे मूल कमी दमतं असं म्हणणाऱ्याने दोघांना शेजारी बसवून बघावं.

अकरावीच्या ऑक्टोबरमधल्या पीएसएटीवर, म्हणजे एसएटीच्या पूर्वपरीक्षेवर, नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीचं ठरतं. त्याचा कट-ऑफ राज्यागणिक वेगळा. २२८ पैकी न्यू जर्सीत अलीकडे २२३ लागले, तेव्हा कितीतरी राज्यांत त्याहून दहा-बारा गुण कमी पुरत होते. आपल्याकडच्या विभागवार कोट्यांवर त्रागा करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, पत्त्यावरून नशीब इथेही बदलतं.

मग येतो तो अर्ज, ज्याला सर्वांगीण म्हणतात. कॉमन ॲप या अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जात दहा उपक्रमांच्या जागा, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, पाच सन्मान, ६५० शब्दांचा एक निबंध आणि शिवाय एकेका कॉलेजचे वेगळे निबंध. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जात वीस उपक्रमांची जागा आणि आठांपैकी चार प्रश्नांना प्रत्येकी ३५० शब्द. बारा-चौदा कॉलेजांना अर्ज करणारं मूल ऑगस्ट ते डिसेंबर चाळीसेक छोटेमोठे निबंध लिहितं, आणि त्याच सेमिस्टरमध्ये पाच एपी सांभाळतं, कारण बारावीच्या पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेडही कॉलेजांना जातात. पहिली मोठी मुदत १ नोव्हेंबर. त्या दिवशी अर्ली डिसिजन भरलं की प्रवेश मिळाल्यास तिथेच जायचं असा करार. किती आर्थिक मदत मिळेल याची तुलना करण्याआधीच शब्द द्यायचा, म्हणून ही वाट खिसा भरलेल्यांना सोयीची.

या उपक्रमांच्या दहा ओळींसाठी सातवी-आठवीपासून आयुष्य आखलं जातं. नववीत क्लब, दहावीत त्याचं सचिवपद, अकरावीत अध्यक्षपद, उन्हाळ्यात कुठल्यातरी प्राध्यापकाच्या लॅबमध्ये काम किंवा हजारो डॉलर घेऊन शोधनिबंध लिहवून देणारा कार्यक्रम. खाजगी सल्लागार याचं वेळापत्रक आखून देतात. २०१९ साली रिक सिंगरचं प्रकरण उघडकीला आलं, ज्यात श्रीमंत पालकांनी लाच देऊन मुलांना खोटे खेळाडू ठरवलं आणि परीक्षेचे गुण बदलून घेतले. त्याने गोळा केलेली रक्कम अडीच कोटी डॉलर होती. तो गुन्हा होता. पण उपक्रमांची एकेक ओळ पैसे मोजून उभी करणं हा गुन्हा नाही आणि ते राजरोस चालतं.

आता हीच पद्धत महाराष्ट्रात आणल्यावर काय होईल ते बघा. अमेरिकेत दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. इंटिग्रेटेड कॉलेजात नाव घालून दोन वर्षं क्लासमध्येच बसणाऱ्या मुलाला पत्र कोण देणार? कॉलेजच्या शिक्षकाने त्याला प्रॅक्टिकलच्या दिवसाखेरीज पाहिलेलं नसतं. पत्र क्लासवालाच लिहील आणि त्याचं पॅकेजही लावेल. शाळेच्या हातातल्या गुणांचं काय होतं याचा पुरावा तर घरातच आहे. २०१९ ला दहावीच्या भाषाविषयांतले शाळेने द्यायचे वीस गुण काढले, तर निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के. शिक्षक बेइमान होते असा याचा अर्थ नाही. आपल्या मुलाचं नुकसान आपल्या हातून नको, असं कुठल्याही शिक्षकाला वाटणारच. अमेरिकेतही तेच झालं आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने २०२० साली एसएटी सोडण्याचा निर्णय घेतला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिच्याच सॅन डिएगो कॅम्पसच्या गटाने अहवाल दिला की शालेय पातळीचं गणितही न येणारे नवे विद्यार्थी पाच वर्षांत जवळपास तीस पटींनी वाढले, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या ट्रान्स्क्रिप्टवर गणिताच्या ग्रेड उत्तम होत्या. एमआयटीने २०२२ मध्येच परीक्षा परत आणली. डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅल्टेक यांनी २०२४ मध्ये. ज्या पद्धतीकडे आपण आशेने बघतो ती चालवणारेच परीक्षेकडे परत येत आहेत.

परीक्षेचा एक गुण तिचे टीकाकार विसरतात. ती संपते. नीटचे १८० प्रश्न, ७२० गुण, दुपारी पेपर झाला की झाला. निकाल वाईट लागला तर दोष पेपराला, नशिबाला, व्यवस्थेला देता येतो. २०२४ सारखं वर्ष येतं, ६७ जणांना पैकीच्या पैकी मिळतात, पेपरफुटीचा तपास सीबीआयकडे जातो, आणि देशभर संताप होतो कारण नियम सगळ्यांना माहीत असतो. अमेरिकेत नकार येतो तो माणसाला. अर्जात ग्रेड, निबंध, स्वभाव, घर, छंद सगळं मांडलेलं असतं, आणि हे सगळं बघून नाही म्हटलेलं असतं. कारण कळत नाही. प्रवेशात वंश धरण्यावरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात बाहेर आलेल्या आकडेवारीत आशियाई वंशाच्या अर्जदारांना ‘पर्सनल रेटिंग’, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचे गुण, सातत्याने कमी मिळालेलं दिसलं. हे रेटिंग देणारे लोक त्यांतल्या बहुतेकांना भेटलेलेही नव्हते. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेश बंद केला. त्यानंतर अनेक कॉलेजांनी पार्श्वभूमी, समुदाय, ओळख यावर निबंध मागायला सुरुवात केली.

याचा आपल्या घरांवर काय परिणाम होतो ते मराठी वाचकांना सांगायलाच हवं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखालच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात. सातवीपर्यंत मुलं येतात, आठवी-नववीत पट गळायला लागतो, कारण डिबेटच्या स्पर्धा आणि एएमसी या गणिताच्या स्पर्धापरीक्षेचे सराववर्ग त्याच वेळी असतात. ढोलपथकात, गणेशोत्सवात मुलं टिकतात, आणि त्यांच्या वादनाचे तास वहीत नोंदवले जातात, कारण ती एक ओळ आहे. सतराव्या वर्षी मग निबंधात आजी येते. तिचा जप, तिचं मोडकं इंग्रजी, तिच्या हातची पुरणपोळी, सारं ६५० शब्दांत, तिसऱ्या परिच्छेदात कलाटणी आणि शेवटी स्वतःविषयीचा बोध. सल्लागार त्यावर लाल शेरे मारतो, आजी अजून ठळक करा म्हणतो. आपण इतकी वर्षं जपायचा प्रयत्न केला ते सगळं एका अर्जाच्या कामी येतं आणि मग मुलालाही ते तेवढ्यापुरतंच वाटू लागतं. हे दुःख बारावीच्या टक्क्यांच्या दुःखापेक्षा लहान नाही. पुण्या-नाशिकच्या मुलाला निदान आजी विकावी लागत नाही.

ताणाची किंमत इथल्यांनीही मोजली आहे. पालो अल्टोत २००९-१० आणि पुन्हा २०१४-१५ मध्ये हायस्कूलच्या मुलांच्या आत्महत्या ओळीने झाल्या. केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेचं पथक तपासाला आलं. गन हायस्कूलमध्ये भल्या सकाळची शून्य तासिका अभ्यासाच्या विषयांसाठी बंद केली, तेव्हा विरोध केला तो मुलांनीच, जास्तीचा विषय बसवायची जागा गेली म्हणून. २०१८ मध्ये रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या अहवालाने किशोरांच्या स्वास्थ्याला घातक परिस्थितींत गरिबी, आघात आणि भेदभाव यांच्याच पंक्तीत अवाजवी यशाच्या दडपणाला बसवलं. पुढच्या वर्षी नॅशनल अकॅडमीजच्या अहवालानेही उच्च यशाच्या शाळांतल्या मुलांना जोखमीच्या गटात धरलं. यामागे सुनिया लूथर या भारतात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ बाईंचं अनेक वर्षांचं काम होतं. सधन शाळांतल्या मुलांत चिंता, नैराश्य आणि व्यसनं राष्ट्रीय सरासरीहून कितीतरी जास्त असतात, हे त्यांनी नव्वदच्या दशकापासून दाखवायला सुरुवात केली होती.

न्यू जर्सीतलं वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हे मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं. २०१५ च्या शरदात तिथल्या शाळांचे प्रमुख डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. आधीच्या वर्षात १२० मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं होतं, त्यातली ४० रुग्णालयात दाखल झाली होती. त्यांनी हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा काढल्या, गृहपाठाविना रात्री ठरवल्या, चौथी-पाचवीचं वेगवान गणित बंद करत आणलं. बहुतांश गोऱ्या पालकांनी स्वागत केलं, बऱ्याच आशियाई पालकांनी बोर्ड मीटिंगमध्ये विरोध केला. बातम्यांमधून एक चित्र तयार झालं, चीन-भारतातून आलेले आईबाप मुलांना पिळतात. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ज्यांचे आजोबा त्या कॉलेजात शिकले नव्हते, ज्यांच्या घरात रोइंग-फेन्सिंगची परंपरा नाही, देणगी देण्याची ऐपत नाही, त्यांच्या हातात ग्रेड सोडून काय होतं? माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देणं कॅलिफोर्नियाच्या खाजगी कॉलेजांत कायद्याने बंद झालं ते सप्टेंबर २०२५ पासून. आधी ते बंद करा, मग आमच्या मुलांचं गणित हळू करा, असं म्हणणाऱ्या पालकांना मी चूक म्हणणार नाही.

तरीही रुग्णालयात गेलेली चाळीस मुलं त्याच गावची होती, आणि त्या शाळांत तेव्हा जवळपास दोन तृतीयांश मुलं आपल्यासारख्या आशियाई घरांतली होती. इथे ‘तुमच्यासारख्यांमुळे’ ऐकायचं, तिथे ‘तुम्ही सुटलात’ ऐकायचं. आम्ही सुटलेलो नाही. गुणांवरून माणूस मोजायची सवय आम्ही सामानात घालून आणली आणि तिच्यासाठी सर्वांत सोयीचा परिसर निवडून तिथे घरं घेतली.

खाजगी शाळांचा मार्ग वेगळा आहे. वॉशिंग्टन परिसरातल्या आठ नामांकित खाजगी शाळांनी २०१८ मध्ये जाहीर केलं की २०२२ पर्यंत एपी हे लेबलच काढून टाकू. त्यांना ते परवडतं. त्यांच्या समुपदेशकाकडे थोडी मुलं असतात, कॉलेजांचे अधिकारी त्याला नावाने ओळखतात, एपी नसलं तरी शाळेच्या नावावर विश्वास ठेवतात. सरकारी शाळांत देशाची सरासरी समुपदेशकामागे ३७० च्या पुढे विद्यार्थी आहे, शिफारस २५० ची असूनही. तिथल्या मुलाने एपी सोडलं तर त्याच्या वतीने बोलायला कुणी नाही. ताण कमी करण्याची मुभाही अशी पैशाने मिळते.

इथून नेण्यासारखं काहीच नाही असं नव्हे. मात्र ते निबंध आणि उपक्रम नव्हेत. शाळा साडेआठला सुरू करणं हे पहिलं. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठवलेलं मूल रात्री क्लासमध्ये पेंगतं, याला संशोधन लागत नाही. दुसरं आणि त्याहून मोठं म्हणजे मागून येण्याची वाट. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. प्रवेशाला ना एसएटी, ना निबंध. तिथे दोन वर्षं ठरावीक विषय ठरावीक ग्रेडने केले तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसांपैकी एकात हमखास जागा मिळण्याचा करार करता येतो, आणि तिचे बर्कली, यूसीएलए (लॉस एंजेलिस) हे कॅम्पससुद्धा दरवर्षी हजारो जणांना असं घेतात. बारावीनंतर घेतलेल्या दर दोघांमागे एक मागून आलेला, असं विद्यापीठाचं धोरण आहे. यूसीएलएला थेट प्रवेश शंभरात नऊ जणांना मिळतो, बदलीने येणाऱ्यांचं प्रमाण त्याच्या दुपटीहून जास्त आहे. डी ॲन्झा हे यातलं एक नावाजलेलं कॉलेज कूपर्टिनोतच आहे, माँटा व्हिस्टापासून मोटारीने काही मिनिटांवर. आपल्या घरांत मात्र मार्चमधल्या निकालांनंतर त्याचं नाव आवाज खाली आणून घेतात.

महाराष्ट्रात ही वाट नाही असं समजू नका. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्यासाठी मंजूर जागांच्या दहा टक्के आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा असतात. जेईई नाही, दोन वर्षांचा क्लास नाही, आणि मुलाने सर्किट, लेथ, प्रोग्रॅम हे सगळं हाताने केलेलं असतं. अडतं ते गणितात. पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणिताचे पेपर एम-वन, एम-टू त्याने पूर्ण खोलीत केलेले नसतात आणि तिसऱ्या सेमिस्टरला थेट एम-थ्री समोर येतं, लाप्लास ट्रान्सफॉर्म आणि फूरियर घेऊन. प्रवेशफेऱ्या लांबल्या की हा मुलगा सेमिस्टर सुरू होऊन महिना झाल्यावर वर्गात पोहोचतो, पहिली चाचणी हुकते, आणि एम-थ्री राहतो. या मुलांच्या फेऱ्या जुलैतच संपवाव्यात, विद्यापीठांनी त्यांना वर्ग सुरू होण्याआधी सहा आठवडे इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन आणि मॅट्रिक्स शिकवावेत, आणि सरकारी कॉलेजांतला दहा टक्क्यांचा वाटा वाढवून वीस करावा. याला परदेश दौरा लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.